मन लागत नाही, तरी नित्यनेम चालू ठेवावा का?

सांजवात

बरेच दिवस एक विषय मनात घोळतोय, तो इथे मांडते. आपल्यापैकी अनेकांची रोजची काही ना काही उपासना असते. कुणाची सकाळची पंचोपचार पूजा, कुणाची एक माळ, कुणाचं स्तोत्र, कुणाचा संध्याकाळचा हरिपाठ. आणि यातल्या बहुतेकांची कधी ना कधी एकच तक्रार असते: हात चालतात, ओठ हलतात, मन मात्र भलतीकडेच. गंध उगाळताना कालचं कुणाचं तरी लागट बोलणं आठवतं. अथर्वशीर्ष म्हणता म्हणता एकदम फलश्रुती येते आणि मधलं कधी म्हणून झालं ते कळतच नाही. मग अपराधी वाटायला लागतं. 'असं दात घासल्यासारखं करण्यापेक्षा न केलेलं बरं' हा विचार डोकावतो आणि कित्येकांचा नेम तिथेच सुटतो.

मला वाटतं, तिथे सोडणं ही फार मोठी गमावणूक आहे. का, ते सांगते.

पूजेच्या शेवटी आपण काय म्हणतो ते बघा. 'मन्त्रहीनं क्रियाहीनं भक्तिहीनं सुरेश्वर । यत्पूजितं मया देव परिपूर्णं तदस्तु मे ॥' मंत्र चुकले असतील, विधीत काही राहिलं असेल, इथवर ठीक. पण माझ्या पूजेत भक्तीही नव्हती, असं आपण स्वतःच्या तोंडाने देवाला सांगतो आणि तरी ती पूर्ण करून घे म्हणतो. ज्यांनी हा पूजाविधी बांधला त्यांना पक्कं ठाऊक होतं की माणूस देवापुढे बसेल आणि त्याचं मन तिथे नसेल. त्यांनी त्याला पाटावरून उठवलं नाही. ती उणीवही देवाच्या स्वाधीन करायची सोय त्यांनी पूजेतच करून ठेवली. आणि ज्याचं मन त्या दिवशी उत्तम लागलं, त्यालाही हा श्लोक म्हणावाच लागतो.

गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन म्हणतो, मन चंचल आहे, वाऱ्याला धरून ठेवण्याइतकं ते आवरणं कठीण आहे. कृष्ण त्यावर रागावत नाही. 'असंशयं महाबाहो' म्हणून आधी त्याचं म्हणणं मान्य करतो आणि मग अभ्यास आणि वैराग्य हे उपाय सांगतो. बाराव्या अध्यायात तर तो एकेक पायरी खाली येत जातो. आठव्या श्लोकात म्हणतो, मन-बुद्धी माझ्यात ठेव. नवव्यात, ते जमत नसेल तर अभ्यास कर. दहाव्यात, तेही जमत नसेल तर माझ्यासाठी कर्मं कर. अकराव्यात, तेवढंही होत नसेल तर कर्माचं फळ सोड. चारही ठिकाणी माणसाला धरूनच ठेवलं आहे.

आणि याच नवव्या श्लोकावर ज्ञानेश्वर माउली जे म्हणतात ते मला फार जवळचं वाटतं. पूर्ण चित्त माझ्या हाती देता येत नाही ना, मग 'तरी गा ऐसें करीं । यया आठां पाहारांमाझारीं । मोटकें निमिषभरी । देतु जाय ॥' आठ प्रहरांतला एक निमिष दे. बस्स.

तर तुमचा अनुभव काय? मन लागत नाही तेव्हा तुम्ही काय करता? कृपया मोकळेपणाने लिहा.

टाळकरी

अनुमोदन. छान विषय.

आमच्याकडे हरिपाठ एकट्याने बसून म्हणत नाहीत, उभ्याने म्हणतात. दोन रांगा समोरासमोर, मध्ये मृदंग, हातात टाळ. एका रांगेने चरण म्हणायचा, दुसरीने तो उचलायचा. आणि प्रत्येक अभंगानंतर 'हरि मुखे म्हणा हरि मुखे म्हणा । पुण्याची गणना कोण करी' हे पालुपद. माउलींच्या हरिपाठाचे २७ अभंग, त्यात माझं लक्ष कितीदा तरी जातं. पण समोरून चरण आला की तोंड उघडावंच लागतं. पावली चुकली तर शेजारच्याच्या खांद्याला खांदा लागतो आणि पाय आपोआप तालावर येतो.

वारकरी संप्रदायाने एकट्याच्या मनावर फार भिस्त ठेवली नाही, हे मला त्याचं मोठेपण वाटतं. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून आणि तुकाराम महाराजांची देहूहून निघते, तेव्हा दिंडीतल्या प्रत्येकाचं मन प्रत्येक पावलाला विठ्ठलापाशी असतं असं कोण म्हणेल? पाय दुखत असतात, पाऊस असतो, मुक्कामाची काळजी असते. तरी दिंडी चालत राहते, आणि तिच्यात असलेला माणूसही चालत राहतो. घरी मन लागत नसेल तर आठवड्यातून एकदा तरी चार माणसांत जाऊन भजनाला बसा, एवढंच सांगेन.

उंबरठा

मी थोडा विरोधात लिहितो, राग नसावा.

टाळकरींनी हरिपाठाचा दाखला दिला, त्याच हरिपाठात 'भावेविण भक्ति भक्तिविण मुक्ति । बळेविण शक्ति बोलू नये' असंही आहे. भावाशिवाय भक्तीची गोष्टच काढू नका, इतकं स्पष्ट. मग 'मन नसलं तरी चालतं' हे कुठून आलं?

मी अशा घरात वाढलो जिथे सोवळं-ओवळं कडक होतं. पूजा दोन दोन तास चालायची. आणि त्या दोन तासांत घरातल्या बायकांवर ओरडणंही चालायचं: फुलं कुठेत, पाणी का नाही भरलं, मूल रडतंय त्याला बाहेर न्या. नैवेद्य मांडताना पाण्याचं चौकोनी मंडल अगदी रेखीव काढलं जायचं, तुळशीपत्र नेमकं ठेवलं जायचं, आणि तो स्वयंपाक जिने केला तिला दुपारी दोनपर्यंत घासभर अन्न मिळालेलं नसायचं. नेम एकही दिवस चुकला नाही. माणूसही तसूभर बदलला नाही.

म्हणून मला भीती वाटते की तुम्ही म्हणता ती सोय फार लवकर सबब बनते. रोज 'भक्तिहीनं' म्हणायचं, माफी मागायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

सांजवात

उंबरठा, राग कसला, तुम्ही लिहिलंत म्हणून बरं वाटलं. तो नैवेद्याचा प्रसंग वाचून मी बराच वेळ थांबले.

मला यात दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. एकाचं मन भरकटतं आणि त्याला ते सलतं. दुसऱ्याचं मन कुठे आहे हा प्रश्नच त्याला पडत नाही, कारण त्याचं सगळं लक्ष विधी बरोबर होतोय का आणि घर आपल्या धाकात आहे का याकडे असतं. मी पहिल्याबद्दल लिहीत होते. तुकाराम महाराजांच्या गाथेत मन ऐकत नाही, आवरत नाही अशी तक्रार करणारे कितीतरी अभंग आहेत. ती तक्रार ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडे भाव आहेच की. हरिपाठातल्या त्या चरणाचा अर्थ मी असाच लावते. ज्याला भाव नसल्याचं दुःख आहे त्याला तो चरण हाकलून लावत नाही.

दुसऱ्या माणसाबद्दल मात्र तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. जी पूजा घरातल्या बाईला उपाशी ठेवते, तिचं समर्थन मला करता येणार नाही आणि करायचंही नाही.

प्राजक्त

वाचत होते, आता लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत. त्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. रात्रीसुद्धा. पूर्वी माझी पूजा व्यवस्थित व्हायची, सगळे देव ताम्हनात घेऊन अभिषेक, वस्त्र, गंध, फूल, आरती. आता सकाळी निरांजन लावते, तुळशीचं एक पान वाहते आणि उठते. कधी कधी तेही दुपारपर्यंत लांबतं.

सुरुवातीला फार लागायचं मनाला. देवघराकडे बघायची लाज वाटायची. मग हळूहळू एक सवय लागली. त्यांना वळवताना एक हात खांद्याखाली आणि एक कमरेखाली घालून जोर लावावा लागतो, तेव्हा तोंडातून 'विठ्ठल' म्हणत उचलायचं. आधी मीच म्हणायचे. आता त्याही म्हणतात. त्यांचं बोलणं अस्पष्ट झालंय, 'ठ' नीट येत नाही. पण उचलायच्या क्षणाला आमची दोघींची हाक एकदम निघते, आणि त्या अंग सैल सोडतात, त्यामुळे मला वळवणंही सोपं जातं.

याला उपासना म्हणावं का, मला माहीत नाही. पण दिवसभरात मन खरोखर जागेवर असण्याचे क्षण विचाराल तर ते हेच. चादरीची सुरकुती काढायची, उशी लावायची, तोंड पुसायचं आणि पुढच्या वेळी पुन्हा.

टाळकरी

प्राजक्तताई, उपासना म्हणावं का, असं विचारता? पांडुरंग विटेवर उभा राहिला तो कशासाठी? पुंडलिक आईवडिलांची सेवा करत होता. दारात देव आलेला असूनही तो उठला नाही, वीट भिरकावली आणि थांब म्हणाला. देव थांबला. सगळी पंढरी त्या थांबण्यावर उभी आहे. आम्ही भजनाला सुरुवात करताना 'पुंडलिक वरदे' म्हणतो ते त्या सेवेचंच स्मरण. तुम्हाला माझा नमस्कार.

उंबरठा

प्राजक्तताईंचा प्रतिसाद वाचला. मी लिहिलेलं मागे घेत नाही, पण मला जे म्हणायचं होतं ते त्यांनी माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. त्यांचं तुळशीपत्र आणि आमच्या घरचं तुळशीपत्र यांत जो फरक आहे, त्यालाच मी भाव म्हणतो.

नवखा वाटसरू

मी या सगळ्यात अगदी नवा आहे. घरी देवाधर्माचं वातावरण नव्हतं, संस्कृत येत नाही, पूजा कशी मांडतात ते धड ठाऊक नाही. गेल्या वर्षभरात मनाला ओढ लागली आहे एवढंच. सुरुवात कुठून करू? चुकीचं काही होईल अशी धास्ती वाटते. आणि जप मोजायचा की नाही? मोबाइलवर जप मोजायचं अ‍ॅप घेतलंय, पण आकडा वाढवायच्या नादात नाम राहून जातं असं वाटतं.

शब्दवेल

वाटसरू, स्वागत.

धास्ती सोडा. नवव्या अध्यायात भगवंत स्वतः म्हणतात, 'पत्रं पुष्पं फलं तोयं', पान, फूल, फळ, पाणी, जे कोणी भक्तीने देईल ते मी घेतो. त्यात संस्कृत येण्याची अट नाही. सावता माळ्यांना तर मळ्यातच विठाई दिसली, 'कांदा मुळा भाजी अवघी विठाई माझी'. भागवताच्या सातव्या स्कंधात प्रल्हादाने भक्तीचे नऊ प्रकार सांगितलेत: श्रवण, कीर्तन, स्मरण, पादसेवन, अर्चन, वंदन, दास्य, सख्य, आत्मनिवेदन. पूजा म्हणजे अर्चन, ते त्यातलं पाचवं. पहिलं श्रवण आहे. नुसतं ऐकण्यापासून सुरुवात करा. कीर्तन ऐका, प्रवचन ऐका. मराठीतच हवं असेल तर समर्थांनी दासबोधाच्या चौथ्या दशकात या नऊ भक्तींवर एकेक समास लिहिला आहे, तो सावकाश वाचा.

आता मोजण्याबद्दल. माळेत १०८ मणी असतात आणि वर मेरुमणी. मेरू ओलांडायचा नाही, तिथून माळ फिरवून उलट्या दिशेने यायचं. बोटाला तो मोठा मणी लागला की दचकून भान येतं की इतका वेळ आपण कुठे होतो. माळेचा माझ्या लेखी हा मोठा उपयोग. अ‍ॅपमध्ये आकडा डोळ्यांसमोर नाचत राहतो, म्हणून मला ते मानवत नाही. ज्यांना मानवतं त्यांनी खुशाल वापरावं.

आणि मोठ्याने म्हणायचं की मनात, हा पुढचा प्रश्न येईलच. वाचिक, उपांशू आणि मानस असे जपाचे तीन प्रकार आहेत. मोठ्याने केलेला तो वाचिक, ओठ हलतात पण शेजारच्याला ऐकू येत नाही तो उपांशू, आणि मनातल्या मनात तो मानस. मनुस्मृतीत मानस जप सर्वांत श्रेष्ठ सांगितला आहे. पण माझं मत विचाराल तर नवख्याने वाचिकापासूनच सुरुवात करावी. मनातल्या मनात जप करताना तो कधी थांबला हे कळतसुद्धा नाही. आवाज थांबला तर निदान कानाला कळतं.

मोगरा

एक विचारायचं होतं, इथे विचारणं योग्य आहे का माहीत नाही. पाळीच्या चार दिवसांत नेम बंद ठेवायचा असं लहानपणापासून बिंबलंय. दर महिन्याला धागा तुटतो आणि पुन्हा बसायला जड जातं. बाकीच्या काय करतात?

सांजवात

इथेच विचारायला हवं होतं, बरं केलंस.

घराघरांत रीत वेगळी असते आणि कुणावर काही लादायचं नाही. मी काय करते ते सांगते. देवघरातली पूजा त्या दिवसांत घरातलं दुसरं कुणीतरी करतं, कारण घरातल्या वडीलधाऱ्यांना तसं हवं असतं आणि त्यावरून मला भांडायचं नाही. नाम मात्र मी थांबवत नाही. चौदाव्या शतकात सोयराबाईंनी विचारून ठेवलंय, 'देहासी विटाळ म्हणती सकळ । आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध ॥' चोखोबांची ही पत्नी. देवळाच्या पायरीपलीकडे ज्यांना जाऊ दिलं नाही त्या घरातली बाई. विटाळ म्हणजे काय हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्याच अभंगात ती पुढे म्हणते की देहाचा विटाळ देहातच जन्मला, मग सोवळा झाला तो कोण? सातशे वर्षांनीही याचं उत्तर मला कुणाकडून मिळालेलं नाही. त्यामुळे माझी माळ चालू असते.

निशिगंध

उशिरा लिहितेय.

वरच्या सगळ्यांचं मन 'भरकटतं'. माझं मन मुद्दाम पाठ फिरवून बसलंय. काही महिन्यांपूर्वी घरात मृत्यू झाला, जाण्याचं वय नव्हतं. सुतकात पूजा बंद होती. दहा दिवस देवघराला हात लावायचा नाही, हे ऐकून खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं, कारण त्या मूर्तींकडे बघायची इच्छाच नव्हती. तेराव्यानंतर सगळ्यांचं पूर्ववत झालं. मी अजून बसलेली नाही. मन लागत नाही असं नाही, मला बसायचंच नाही. इतकी वर्षं केलं ते कशासाठी, हा प्रश्न आहे.

मला उपदेश नकोय. पण या धाग्यावर लिहावंसं वाटलं.

सांजवात

निशिगंध, उपदेश नाही करणार. लिहिलंस ते वाचलं, एवढंच आधी सांगते.

कशासाठी, याचं उत्तर माझ्याजवळ नाही. जे सांगता येण्यासारखं आहे तेवढं सांगते. १६३०च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात तुकाराम महाराजांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला, धंदा बुडाला. नंतरच्या त्यांच्या अभंगांत देवाशी केलेलं भांडण आहे, टोचून बोलणं आहे, तू आहेस तरी का असं विचारणं आहे. जनाबाईने तर 'अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या' अशी सरळ शिवी हासडली. परंपरेने हे अभंग लपवले नाहीत. ते टाळमृदंगावर गायले जातात.

म्हणजे तुला बसायचं नसेल तर नको बसूस. देवघराकडे पाठ करून त्याच्याशी भांडलीस तरी तू याच घरातली आहेस. दिवा घरातलं दुसरं कुणी लावत असेल तर लावू दे.

टाळकरी

निशिगंधताई, दुःखात सहभागी आहे. सुतकाबद्दल एक सांगतो: ते पूजेला असतं, नामाला सुतक नसतं असं आम्ही मानतो. घरात असं काही घडलं की आमची मंडळी रोज संध्याकाळी तिथे जाऊन भजन म्हणतात. घरच्यांनी म्हणावं अशी अपेक्षा नसते. त्यांनी नुसतं बसायचं, रडायचं असेल तर रडायचं, आत जाऊन पडायचं असेल तर पडायचं. त्या दिवसांत त्यांच्या वाटचं आम्ही म्हणतो.

निशिगंध

सांजवात, टाळकरी, धन्यवाद. 'त्यांच्या वाटचं आम्ही म्हणतो' हे वाचून पहिल्यांदाच रडू आलं. बाकी आत्ता काही लिहीत नाही.

प्राजक्त

निशिगंध, तू म्हणू नकोस. उद्यापासून सासूबाईंना वळवताना एक 'विठ्ठल' तुझ्या वाटचा म्हणते.

नवखा वाटसरू

सगळ्यांचे प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचले. अ‍ॅप काढून टाकलं, तुळशीची माळ आणली आहे. रोज सकाळी वाचिक जपाची एक माळ आणि गीतेचा बारावा अध्याय मराठी अर्थासकट, असं ठरवतोय. श्लोक वीसच आहेत, तेव्हा झेपेल असं वाटतं. आषाढी एकादशीला चातुर्मास सुरू होतो, तेव्हापासून कार्तिकी एकादशीपर्यंत धरावं म्हणतो. एक शंका: मध्ये प्रवासात एखादा दिवस चुकला तर नेम मोडला असं समजून पुन्हा पहिल्यापासून धरायचा का?

शब्दवेल

नाही. चुकला त्याच्या दुसऱ्या दिवशी जिथे होतात तिथून पुढे. आणि प्रवासात माळ काढणं शक्य नसेल तर बोटांच्या पेरांवर जप करतात, त्यालाही पूर्वापार मान्यता आहे. अंगठ्याने पेरं मोजत जायचं. गाडीत उभं राहूनही होतं.

उंबरठा

वाटसरू, बारावा अध्याय धरताय तर तेराव्या श्लोकापासून जरा सावकाश वाचा. 'अद्वेष्टा सर्वभूतानां मैत्रः करुण एव च'. भक्त कसा असतो याचं वर्णन तिथून सुरू होतं. पुढच्या श्लोकांत कुणाला त्रास न देणं आहे, समाधान आहे, निंदा-स्तुतीत तोल राखणं आहे, पूजा किती तास करतो ते मात्र कुठेही नाही. आमच्या घरात हा अध्याय रोज म्हटला जायचा. मीही तुमच्याबरोबर आषाढीपासून धरतो, अर्थासकट.